‘रीलमध्ये एक, दुकानात भलतंच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार देताना तुमच्या तक्रारी दोन आहेत. रीलमध्ये ‘शंभर टक्के प्लास्टिकमुक्त’ म्हणून दाखवलेल्या बांबूच्या ब्रशचे ब्रिसल्स, म्हणजे केस, नायलॉनचे आहेत, म्हणजे ही फसवणूक. आणि ‘झीरो वेस्ट किट’, म्हणजे कचरा टाळण्यासाठीच्या वस्तूंचा संच, मागितला, तर आम्ही घरातलेच डबे वापरायला सांगून ज्ञान पाजळलं.

ती रील आमची नाही. त्यासाठी आम्ही कुणाला पैसे किंवा फुकट माल दिलेला नाही. दिला असता तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओवरच लिहावं लागलं असतं. ब्रशच्या खोक्यामागे ‘मूठ बांबूची, ब्रिसल्स नायलॉनचे’ असं मराठीत छापलंय, आणि काउंटरवर तेच तुम्हाला बिलाआधी वाचून दाखवलं होतं. नायलॉन टाळायचं तर बहुधा डुकराचे केस उरतात, आणि ते आपल्याकडे फारसे कुणाला चालत नाहीत. ब्रश झिजला की पकडीने ब्रिसल्स उपटून सुक्या कचऱ्यात टाकायचे, मूठ मातीत पुरायची. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असले मोघम दावे पुराव्याशिवाय करू नयेत म्हणून मार्गदर्शक सूचना काढल्या. आम्हाला त्या मनापासून पटतात.

आता किट. रील पाहून कॉलेजची मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन भांड्यांचं लिक्विड भरायला नागपूरच्या धरमपेठेत आमच्या दुकानात येतात, याचा फार आनंद वाटतो. रील नसत्या तर ती आली नसती. पण त्याच रीलमधल्या एकसारख्या काचेच्या बरण्या पाहून घरातले धडधाकट डबे काढून टाकावेसे वाटतात, तिथे मात्र आमचा विरोध आहे. टाकलेला डबा शेवटी भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगातच जायचा. शिवाय काच आणि स्टीललाही भट्टी लागते, ट्रक लागतो; नवी बरणी वर्षानुवर्षं वापरली तरच तिचा उपयोग. तुमचे डबे चांगले आहेत असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून आम्ही तसं बोललो. उद्या दुसरं कुणी आलं तरी हेच सांगू, मग विक्री झाली नाही तरी चालेल.

रील करणाऱ्या मुलीला ब्रिसल्सबद्दल दुरुस्ती करायला आम्ही लिहिलंय. किटमधल्या सगळ्या वस्तू सुट्याही मिळतात. लिक्विडसाठी घरची कोणतीही स्वच्छ धुतलेली बाटली आणा, वजन करून तेवढ्याचेच पैसे घेऊ.