बाईच्या चित्रप्रदर्शनाला जाताना घ्यायची काळजी

पुण्यात एखादी बाई स्वतःच्या शरीराची चित्रं काढते, ती भिंतीवर लावते आणि तुम्हाला उद्घाटनाचं आमंत्रण धाडते. गांगरून जाऊ नका. नुकतंच माझं प्रदर्शन झालं. तिथे आलेल्या रसिकांचं नीट निरीक्षण करून ह्या सूचना तुमच्यासाठी काढल्या आहेत.

आल्या आल्या चहा कुठे आहे ते पाहून ठेवावं.

मग चित्रातली बाई कोण, हे विचारावं. 'मीच' असं उत्तर आलं की आधी चित्राकडे, मग माझ्याकडे, पुन्हा चित्राकडे असं सावकाश पाहावं. ताडून बघितल्याशिवाय माल पास करू नये.

जाणकार दिसायचं असेल तर मेक्सिकोच्या फ्रिडा काहलो ह्या चित्रकर्तीचं 'फ्रिडा' एवढं एकच नाव पाठ करून यावं आणि कुठल्याही चित्रासमोर उभं राहून तिचा प्रभाव जाणवतो म्हणावं. अठराव्या वर्षी, १९२५ साली, बसच्या अपघातात तिचा कणा मोडला आणि १९४४ मध्ये तिनं तोच कणा भंगलेल्या खांबासारखा रंगवला, अंगभर खिळे टोचलेले दाखवले, इतक्या खोलात शिरायचं कारण नाही. तिच्या जुळलेल्या भुवया पुरेत.

'हे सगळं पाश्चात्त्य फॅड' असंही म्हणता येतं. अमृता शेरगिलनं १९३४ साली स्वतःला ताहितीची बाई म्हणून उघड्या अंगानं रंगवलं, पण ती अर्धी हंगेरियन, सोडून द्या. बंगळूरची पुष्पमाला एन. रविवर्म्याची लक्ष्मी स्वतः होऊन उभी राहते आणि तसे फोटो काढवून घेते. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

निघताना 'आमच्या हिनंपण इंटरमिजिएट दिलीय हं' हे विसरू नये.

आता मुख्य सूचना. प्रदर्शनात चित्रकर्तीचा नवरा कुठे उभा आहे ते शोधावं. उद्घाटनाला एक सद्गृहस्थ माझ्या 'टाके' नावाच्या चित्रासमोरून तडक आमच्या ह्यांच्याकडे गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "तुमचं मन मोठं हो!" हे वेफर्स खात होते. चित्र मी काढलं, मन ह्यांचं मोठं. तेवढ्यात व्यवस्थापक आले. ते चित्र जरा खांबामागे घेता येईल का मॅडम, लहान मुलं येतात. काय आहे त्या चित्रात? पन्नाशीतल्या बाईचं पोट. सिझेरियनचा आडवा व्रण आणि परकराच्या नाडीचा काळा वळ. ज्या लहान मुलांची एवढी काळजी, त्यांतली कितीतरी अशाच व्रणातून बाहेर आलीत! त्यांची सहल वेरूळला जाते तेव्हा कुणी लेण्यांवर चादरी टाकत नाही. घरातल्या टीपॉयवर वर्षानुवर्षं दिवाळी अंक पडलेले असतात, मुखपृष्ठावरच्या ओलेतीला कुणी खांबामागे नेत नाही. ती पुरुषानं काढलेली असते ना! लंडनच्या रॉयल अकादमीत १८९३ पर्यंत बायकांना नग्न मॉडेलवरून चित्र काढायला वर्गात प्रवेशच नव्हता. मॉडेल म्हणून कपडे काढून बसायला मात्र बायका चालत होत्या. १९८९ मध्ये गरिला गर्ल्स ह्या बंडखोर चित्रकर्तींच्या गटानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात जाऊन मोजलं, तर आधुनिक विभागातल्या चित्रकारांत बायका पाच टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांत ८५ टक्के बायकाच. आणि आपण? १९११ साली 'मानापमान' नाटकात भामिनी झालेल्या बालगंधर्वांचा पदर, गजरा, नऊवारी बघून अख्खं पुणं वेडं झालं, बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. माझी त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही, आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. पण पुरुषानं बाईचं शरीर इतकं निरखलं, उभं केलं, तर त्याच्या नावानं रंगमंदिर बांधता, आणि मी माझं स्वतःचं निरखलं तर मला खांब दाखवता?

चित्र मी हलवलं नाही.

अहो, ते पोट माझं आहे. डॉक्टरांनी तपासलं, सासूबाईंनी बाळंतपणानंतर बांधलं, शिंपीणबाईंनी दर वर्षी टेप लावून चुकचुक केली, लग्नकार्यात भेटणाऱ्या प्रत्येकीनं 'सुटलीस गं' म्हटलं. सगळ्यांनी बघून झालं होतं, मीच तेवढी राहिले होते. म्हणून आरसा भिंतीला टेकवून बसले. इतकी वर्षं तो व्रण पांढरा आहे असं समजत होते, रंग कालवायला घेतल्यावर कळलं की तो निळसर आहे, कडेला तपकिरी. हे मला माझ्याबद्दल दुसरं कोण सांगणार होतं? मिस्टर?

तर ह्यांच्या परवानगीचं विचारू नका. माझ्या नवऱ्याचं अभिनंदन करू नका. माझ्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीनं बघू नका, लाज वाटते तुमची. चित्राबद्दल बोला की! पोटाचा डावा भाग चिखल झालाय म्हणा, हात काढता येत नाही म्हणा, किंमत विचारा, घासाघीस करा. त्यासाठीच तर मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे उभी होते.