खोबरेल तेल खाण्यात काय वाईट? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोजच्या फोडणीसाठी शेंगदाणा-करडई सोडून खोबरेलावर जाऊ नका, या माझ्या म्हणण्यावर तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. केरळात पिढ्यान्‌पिढ्या खोबरेलच खातात, कोचीच्या अभ्यासात ते निर्दोष ठरलं, आणि घाण्याचं खोबरेल शरीर लगेच जाळून टाकतं.

कोचीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हृदयविकाराचे 200 रुग्ण होते. काहींना दोन वर्षं खोबरेल, काहींना सूर्यफूल. कोलेस्टेरॉलमध्ये फरक पडला नाही, हे खरंच. पण ही मंडळी स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांवर होती, आणि गोळी चालू असताना तेलाचा परिणाम झाकला जाऊ शकतो. 2020 मध्ये 16 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत (पामतेल सोडून) खोबरेलाने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सरासरी 10 मिलिग्रॅमने (दर डेसिलिटर रक्तात) वाढलेलं दिसलं. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) हेही 4 ने वाढलं, पण औषधं देऊन नुसतं एचडीएल वाढवल्याने झटके कमी झालेले नाहीत. त्या 4 वर भिस्त ठेवू नका.

'लगेच जळतं' हे 8 आणि 10 कार्बनच्या मेदाम्लांबद्दल (तेल ज्यांचं बनतं ते घटक) खरं आहे. खोबरेलात ती जेमतेम 12 ते 15 टक्के. जवळपास निम्मं तेल म्हणजे लॉरिक आम्ल, 12 कार्बनचं. ते बरंचसं थेट यकृताकडे न जाता इतर तेलांसारखंच कायलोमायक्रॉनमधून (आतड्यातून चरबी वाहून नेणारे कण) रक्तात उतरतं. एमसीटी तेलाचे (मुख्यतः त्या 8 आणि 10 कार्बनच्या मेदाम्लांचं वेगळं काढलेलं तेल) निष्कर्ष खोबरेलाला चिकटवले जातात, घोळ तिथेच होतो. लाकडी घाण्याने वास आणि चव टिकते. सॅच्युरेटेड म्हणजे संपृक्त चरबीचा आकडा तोच राहतो.

केरळात हृदयविकार कमी नाही. त्याचं खापर एकट्या खोबरेलावर मी फोडणार नाही, पण खोबरेल हृदय राखतं याचा दाखला म्हणून केरळ चालत नाही.

आता आपलं सोलापुरी ताट. एक टेबलचमचा खोबरेल 14 ग्रॅम, त्यात सॅच्युरेटेड सुमारे 12. तेवढ्याच शेंगदाणा तेलात अडीच, करडईत एक. दिवसाला 2000 कॅलरी धरल्या तर जागतिक आरोग्य संघटनेची सॅच्युरेटेडची मर्यादा 22 ग्रॅमची. आपल्याकडे सुकं खोबरं काळ्या मसाल्यात आणि रश्शाच्या वाटणात आधीच असतं. माणशी 10 ग्रॅम खोबरं म्हणजे साडेपाच ग्रॅम सॅच्युरेटेड. वर दूध, भाकरीवरचं तूप. फोडणीही खोबरेलाची झाली की दुपारच्या जेवणातच मर्यादा संपते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी करडईविरुद्धचा पुरावाही सांगायला हवा. सिडनीत 1966 ते 1973 दरम्यान हृदयरुग्णांना सॅच्युरेटेडच्या जागी करडई तेल आणि त्याचं मार्गरीन (लोण्याऐवजी वापरायचा घट्ट पदार्थ) दिलं. 2013 मध्ये जुने आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त निघाले. मार्गरीनमधल्या ट्रान्सफॅटवर काहींना संशय आहे. तरीही मी एकट्या करडईवर भर देत नाही. तळणीला आणि फोडणीला शेंगदाणा, शेंगाचटणीवर कच्चं ओतायला करडई. घाण्याची करडई इथल्या उन्हाळ्यात लवकर खवट होते, म्हणून एकेक लिटरच आणा आणि गॅसच्या ओट्यापासून दूर, अंधारात ठेवा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल जातंय. बैठ्या कामाच्या माणसाला 25 पुरे.

तरीही खोबरेलच खायचं असेल तर आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करा. मग आठ आठवडे बाकी काहीही न बदलता फक्त तेल बदला आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. एलडीएल एरवीही आठ-दहा टक्के वरखाली होतं, त्यामुळे वाढ दिसली तर आठवड्याने आणखी एकदा तपासून मगच निर्णय घ्या. स्टॅटिन चालू असेल तर या प्रयोगातून नीट काही कळणार नाही, आणि त्यासाठी गोळी मात्र अजिबात बंद करू नका.