गप्प नवरा आणि अकरा जणांची बैठक

जानेवारीत मेलबर्नहून नागपूरला गेलो होतो, तेव्हा प्रतापनगरला धाकट्या मामाच्या हॉलमध्ये एका बैठकीला बसलो. बैठक म्हणजे तीच, आपल्याकडे प्रत्येक घराण्यात दोन-चार वर्षांतून एकदा होते ती. मामेबहिणीच्या लग्नाला तीन वर्षं झाली, दिवाळीपासून ती माहेरी आहे, 'काय ते एकदाचं ठरवा' म्हणून दोन्हीकडची माणसं जमली होती. मी मोजली, अकरा. शेजारून प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणाव्या लागल्या. संत्री, चिवडा, चहा दोनदा. पावणेतीन तास खल झाला आणि ज्यांचं लग्न होतं ती दोघं मिळून तीन वाक्यं बोलली. तिचं एक, 'मला काही म्हणायचं नाही.' त्याची दोन, 'माझी काही तक्रार नाही' आणि 'मोठे म्हणतील तसं.'

शेवटी मोठ्या मामांनी निकाल दिला. सहा महिने एकत्र राहून पाहा, थोडं तू ॲडजस्ट कर, थोडं तो करेल, टाळी एका हाताने वाजत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

रात्री गच्चीवर ती म्हणाली, "दादा, तो पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरात देते. फक्त बोलत नाही. ऑफिसातून येते, जेवते, मोबाईल घेते, झोपून जाते. आता हे अकरा लोकांसमोर तक्रार म्हणून कसं सांगू मी? काकू म्हणेल, काऊन बाई, एवढ्या चांगल्या पोराले सोडून राहिली तू?"

मला उत्तर सुचलं नाही. ती ज्याच्याबद्दल सांगत होती तो माणूस माझ्या चांगल्याच ओळखीचा होता. पाच वर्षांपूर्वी मेलबर्नमध्ये माझी बायको जवळपास याच शब्दांत माझ्याबद्दल एका परक्या बाईला सांगत होती आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो.

(हा मजकूर छापायला देण्याआधी बायकोला वाचायला दिला. तिने दोन परिच्छेद काढायला लावले. उरलं ते तिच्या परवानगीने.)

बैठकीनंतर मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की दोघांना मॅरेज काउन्सेलरकडे जाऊ द्या, बाकी कुणी मध्ये पडू नका. मग दोन दिवस ग्रुप पेटला. एकजण म्हणाले, आपल्या आजी-आजोबांना लागला होता का काउन्सेलर? दुसऱ्यांचं म्हणणं, घरातल्या गोष्टी पैसे देऊन परक्याला कशाला सांगायच्या? तिसऱ्यांनी मला कोपरखळी मारली, तुमच्याकडे गल्लोगल्ली काउन्सेलर आहेत, तरी लोक सोडचिठ्ठ्या देतातच ना? पुण्याच्या चुलतभावाला तर सगळ्यांना लग्नाआधीच सक्तीने काउन्सेलिंग हवं होतं. आणि एका काकांनी फक्त एवढं लिहिलं, "पागलखाना चौकात नेता का दोघांना?"

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. प्रादेशिक मनोरुग्णालयासमोरच्या चौकाला आमच्याकडे सगळे पागलखाना चौकच म्हणतात. ऑटोवाल्याला तसंच सांगायचं, पत्त्यातही तसंच. लहानपणी घरात कुणी हट्ट केला की 'तिकडे सोडून येऊ का' हे ठरलेलं वाक्य. ज्या गावात मनाच्या दुखण्याचा पत्ताच असा आहे, तिथे नवराबायको रामदासपेठेत डॉक्टरांच्या पाट्यांमधली काउन्सेलरची पाटी शोधत जातील तर स्कूटर दोन गल्ल्या अलीकडेच लावतील. काकांना मी दोष देत नाही. मलाही पहिल्या दिवशी अगदी तसंच वाटलं होतं.

आजी-आजोबांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. त्यांना काउन्सेलर लागला नाही, कारण भांडण मुरू नये याची सोय आजूबाजूला होती. लग्नानंतर दोन वर्षं आम्ही मनीषनगरला राहायचो. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, घरात एक कूलर आणि त्याची टाकी कुणी भरायची यावरून रोज खडाखडी. आवाज वाढला की खालच्या काकू जिन्यातून विचारायच्या, "काय झालं बाप्पा, पाणी नाही आलं का आज?" आणि बायकोला पापड लाटायला खाली बोलावून घ्यायच्या. तासाभराने ती वर यायची तेव्हा निम्मा राग खालीच राहिलेला असायचा. काकूंनी कधी कुणाची बाजू घेतली नाही, सल्लाही दिला नाही. त्यांनी आमचं भांडण ऐकलं, एवढं पुरायचं. अर्थात काकू असतातच असं नाही. आणि आजी गप्प होती ती सुखात होती म्हणून, असं धरून चालणाऱ्यांनी आजीला कधी विचारलेलं नसतं.

मेलबर्नला आलो आणि ऐकणारं कुणी उरलं नाही. बायको अमरावतीला कॉलेजात शिकवत होती, इथे माझ्या व्हिसाच्या पोटात आली आणि दोन वर्षं घरात बसली. मी दिवसभर ऑफिसात बोलून घरी यायचो आणि तोंड बंद करायचो. इथे भांडण कूलरऐवजी कचऱ्याच्या बिनवरून. आमच्या भागात रिसायकलिंगचा ट्रक पंधरा दिवसांतून एकदा येतो. आदल्या रात्री बिन रस्त्यावर ढकलायचा विसरलात की पुढचे पंधरा दिवस तो भरलेला डबा दारात तोंड वासून उभा. एका बुधवारी रात्री तिने तिसऱ्यांदा आठवण केली, मी 'हो' म्हणून टीव्ही बघत राहिलो. सकाळी ट्रक निघून गेला. ती ओरडली नाही. तिने माहेरच्या तिकिटाचे दर बघायला घेतले.

काउन्सेलरकडे मी गेलो ते निकाल ऐकायला. डोक्यात बैठकच होती, दोन्हीकडचं ऐकून ही बाई सांगेल की चूक कुणाची. तिने पहिल्या भेटीत दोघांना एकत्र ऐकलं, मग एकेकाला वेगळं भेटली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, बिनचा प्रसंग सांगा, पण हळू, एकेक मिनिट करून. तीन मिनिटांच्या प्रसंगाला पन्नास मिनिटं लागली. बायको म्हणाली काय, मी ऐकलं काय, मला काय वाटलं, मी केलं काय. तिसऱ्यांदा आठवण केली तेव्हा मला 'तू बिनकामाचा आहेस' असं ऐकू आलं होतं. ती मात्र म्हणत होती की या देशात सगळं मला एकटीलाच लक्षात ठेवावं लागतं. बिनबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

अमेरिकेतले जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं नवराबायकोंची भांडणं प्रयोगशाळेत चित्रित करून अभ्यासली. नात्याला पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या आहेत: प्रसंगाऐवजी माणसावरच ठपका ठेवणं, तुच्छ लेखणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव करणं आणि तोंड फिरवून गप्प बसणं. चौथी माझी. गंमत अशी की आपल्याकडे या चौथ्या सवयीला सद्गुणात धरतात. 'मुलगा शांत स्वभावाचा आहे', स्थळ सांगताना हे आवर्जून येतं. गॉटमन यांचंच म्हणणं आहे की भांडणात छाती धडधडायला लागली की माणसाला समोरचं नीट ऐकूच येत नाही, शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणजे उठून जाणं वाईट नाही. आमच्या काउन्सेलरने फक्त एक अट घातली, उठताना परत कधी येणार ते सांगून जायचं. 'साडेनऊला बोलू.' वर्षानुवर्षं मी उठून जात होतो, पण साडेनऊ कधी वाजलेच नव्हते.

इथलं सगळं गोड आहे असं मुळीच नाही. ही बाई आमची दुसरी. पहिलीने पहिल्याच तासात माझ्या आईच्या तीन महिन्यांच्या मुक्कामावर बोट ठेवलं आणि 'बाउंड्री', म्हणजे नात्यातली मर्यादारेषा, हा शब्द सात वेळा वापरला. आई गेल्यावर घर खायला उठतं असं खुद्द बायको म्हणत होती, ते तिने टिपूनच घेतलं नाही. दुसरी मूळची श्रीलंकेची, तिला रोज रात्री येणारा घरचा फोन समजावून सांगावा लागला नाही. खर्चाचंही ऐका. खासगी मानसशास्त्रज्ञाचे तासाला दोनशे डॉलर सहज जातात आणि मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना नात्याच्या समुपदेशनाला पैसे देत नाही, कारण भांडण हा आजार नव्हे. मिळकतीप्रमाणे फी घेणाऱ्या संस्था आहेत. आम्ही तिथेच गेलो, नऊ वेळा.

आता ग्रुपवरच्या तिसऱ्यांची कोपरखळी, तरी लोक वेगळे होतातच ना. होतात. लॉस एंजेलिस आणि सिॲटलमध्ये १३४ जोडप्यांवर एक मोठा अभ्यास झाला, सगळी मोडायला आलेली लग्नं, प्रत्येकाला सव्वीसपर्यंत भेटी. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पाच वर्षांनंतरचा हिशेब मांडला. साधारण निम्म्या जोडप्यांची सुधारणा टिकून होती, चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त वेगळी झाली होती. ज्यांच्या घरातल्या भिंती पडायला आल्या होत्या, त्यातल्या निम्म्या उभ्या राहिल्या तर मी त्याला अपयश म्हणणार नाही. आणि जे वेगळे झाले त्यांनी निदान एकमेकांचं ऐकून निर्णय घेतला असेल, तर पोरांच्या दृष्टीने तेही थोडं नाही.

आपल्याकडे समुपदेशन नाही, असं तर अजिबात नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायाधीशावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे आणि त्यासाठी न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. संमतीने घटस्फोट घ्यायचा तरी कायदा दोन अर्जांमध्ये सहा महिने थांबायला सांगतो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की समेटाची आशाच उरली नसेल तर ही मुदत माफ करता येते. त्याच वर्षी नागपूर पोलिसांनी भरोसा सेल सुरू केला, तिथेही घरगुती भांडणात समुपदेशन होतं. पण या सगळ्या दारांपर्यंत माणूस पोहोचतो तेव्हा हातात कागद असतो. तक्रार लिहून झालेली, वकील ठरलेला, दोन्हीकडच्या आया बोलेनाशा झालेल्या. कूलरच्या टाकीचं भांडण तोवर फाइलमध्ये 'क्रूरता' होऊन बसलेलं असतं. मामेबहिणीला जाऊ द्या असं मी म्हणत होतो ते याच्या आधीच्या टप्प्यावर, ना पोलीस, ना कोर्ट, ना अकरा खुर्च्या.

सक्ती नको, हेही ठामपणे सांगतो. ऑस्ट्रेलियात नियम होता की लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर घटस्फोटाच्या अर्जाआधी समुपदेशनाला जाऊन यायचं. २०२५ मध्ये तो काढून टाकला. प्रमाणपत्रासाठी आलेल्या माणसाला काय ऐकू येणार? लग्नाचा हॉल बुक करताना दोन तासांचं काउन्सेलिंग उरकून शिक्का घ्यायचा, हे आपल्याकडे किती झटकन रुळेल ते तुम्हीही जाणता.

आणि मारहाण असेल तिथे दोघांना एकत्र बसवण्याचा प्रश्नच येत नाही. खोलीत ती जे बोलेल त्याची किंमत घरी गेल्यावर तिलाच मोजावी लागते. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकारी, पोलीस, आधी हे. टाळी दोन हातांनी वाजत असेल, थप्पड एकाच हाताने वाजते. बैठकांमध्ये हा फरक नेमका विसरतात. गोड बोलणारे काही काउन्सेलरही विसरतात, म्हणून जाण्याआधी शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. ऑस्ट्रेलियातही सायकॉलॉजिस्ट म्हणवायला नोंदणी लागते, नुसती काउन्सेलरची पाटी कुणीही लावू शकतो. ज्योतिषी, निवृत्त मुख्याध्यापक, वधूवर सूचक मंडळाचे चालक, मी सगळ्यांच्या पाट्या पाहिल्या आहेत.

मार्चमध्ये मामेबहिणीचा फोन आला. सासरी परत गेली होती, मोठ्या मामांचे सहा महिने मोजायला. बोलता बोलता सांगितलं, दोघं ऑनलाइन एका सायकॉलॉजिस्टशी बोलतात. घरातून शक्य नाही, सासूबाई दाराशीच. म्हणून शनिवारी संध्याकाळी 'भाजी आणतो' म्हणून निघतात, फुटाळा तलावाच्या रस्त्याला गाडी लावतात, काचा वर, एसी सुरू, मोबाईल डॅशबोर्डवर टेकवलेला. पहिल्या वेळी नेटवर्क दोनदा गेलं आणि कणसंवाला काचेवर टकटक करत राहिला. दुसऱ्या वेळी तो बोलायला लागला. तिने मोबाईलच्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं होतं, सलग अकरा मिनिटं.

काय बोलला ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भाजी मात्र राहून गेली, म्हणून परतताना गोकुळपेठेतून मेथी घेतली, असं म्हणाली.