तास मोजा, बाकी काही विचारू नका

वैमानिक आहात आणि कंपनीने घरी बसवलं? टाइप रेटिंग, म्हणजे ठराविक जातीचं विमान उडवायची परवानगी, अर्ध्यावर लटकलं? चेक राइडला, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षेत, नापास झालात? मग आता ज्याला त्याला तुम्हाला सल्ला द्यायचाय. मीच का मागे राहू?

पहिली गोष्ट, लॉगबुकातल्या बेरजेपलीकडे काही बघायचं नाही. कमर्शियल लायसन्स २०० तासांत हातात पडतं, एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनच्या लायसन्सला, १५०० लागतात. मधले १३०० कुठून, कशात आणि कोणाच्या शेजारी बसून आणले, असल्या चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात.

इन्स्ट्रक्टरची नोकरी चालून आली तर सरळ नाही म्हणा. तिथे विद्यार्थी फ्लेअर करायला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलायला, उशीर करतो आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून ‘अजून थांबू की घेऊ कंट्रोल?’ या विचारात दिवसाला वीस वेळा घामाघूम होता. वर ते तास पायलट-इन-कमांडचे, म्हणजे विमानाच्या प्रमुखाचे! एवढं शिकून करायचंय काय?

विमानामागे जाहिरातीचा बॅनर ओढायचं काम लगेच घ्या. जमिनीलगत येऊन हुकाने दोर उचलायचा आणि नाक आभाळात. स्टॉल, म्हणजे नाक फार वर गेलं की पंखांची उचल संपते, हा शब्द ग्राउंड स्कूलमध्येच ठेवून यायचा.

स्कायडायव्हर वर सोडून आलात की पॉवर खाडकन काढा. तापलेलं इंजिन एकदम गार होऊन तडकलं तर तडकलं, तुमचं थोडंच आहे!

हवाई सर्व्हेचं काम नकोच. तासन् तास एका रेषेत, उंची न सोडता उडायचं? कंटाळा येतो.

आणि सगळ्यात उत्तम म्हणजे उजवी सीट. फुकट नाही हं, पैसे भरून. मागच्या आठवड्यात मला असा फोन आला. एका टर्बोप्रॉप विमानावर को-पायलट म्हणून शंभर तास, पगार नाही, उलट मीच तासाचे पैसे मोजायचे. आवाज इतका प्रेमळ की माझं भलं करण्याच्या काळजीने बिचाऱ्याची झोप उडाली असावी. मी म्हटलं, ‘हे विमान तर एका पायलटवर सर्टिफाय झालंय. तुमच्या ऑपरेशनला दुसरा पायलट लागतो असं कुठे लिहिलंय का?’ पलीकडे शांतता. मग, ‘तुम्ही लॉगबुकात लिहा हो, कोण बघतंय!’

कोण बघतंय? एअरलाइनच्या इंटरव्ह्यूला समोर बसलेला माणूस बघतो. परवाना देणारं खातं बघतं. विमान एका पायलटचं, नियमाने दुसरा लागत नाही, तर मी त्या सीटवर बसलेला प्रवासी! प्रवाशाने पाहिलेले ढग को-पायलटच्या रकान्यात जात नाहीत. वैमानिकांत खोट्या तासांना ‘पी-५१ चे तास’ म्हणतात, म्हणजे पी-५१ मस्टँग या लढाऊ विमानाचे नव्हे, पार्कर ५१ पेनाचे. हा गृहस्थ मला पेनच विकत होता, वर हप्त्याची सोय! मी पुढे विचारलं, हवा खराब असली आणि मी उडणार नाही म्हटलं तर? तर म्हणे, ‘मग दुसरे बरेच आहेत.’

बास झाली थट्टा. ज्याची नोकरी गेलीय, कर्ज डोक्यावर आहे, त्याच्याकडूनच पैसे उकळता आणि त्याला संधी म्हणता? लाजा वाटत नाहीत? सीट विकायचीय तर विका, नोकरी म्हणू नका. आणि तुम्ही, पैसे भरणारे! मेन्टेनन्स कोण करतं, विमा आहे का, नाही म्हटलं तर काय होईल, हे तीन प्रश्न तोंडातून निघत नाहीत तुमच्या? ऑडिशनला आल्यासारखे मान डोलावता, म्हणून हे सोकावलेत.

काल त्याचा मेसेज आला. ‘सीट भरली.’