प्रतिक्रियेला उत्तर : गुगलचं बटण, काकूंची यादी

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या लॉगिनवर मी लिहिलेल्या लेखाला प्रतिक्रिया देताना, 'एक सहकारनगरकर' अशी सही करून तुम्ही मला दोन गोष्टी सुनावल्यात. वाचनालयाच्या साइटवर 'गुगलने लॉगिन' लावून मी सभासदांची वाचनयादी गुगलच्या हवाली केली, ही एक. आणि ईमेल जुळला की साइटवरचं जुनं पासवर्डचं खातं गुगल लॉगिनला आपोआप जोडतो, हा शुद्ध निष्काळजीपणा, ही दुसरी. पहिलीत थोडं तथ्य आहे, दुसरीत पूर्ण.

दुसरी आधी घेतो, कारण लेखात तीच मी 'सोय' म्हणून मिरवली होती. आमच्या जुन्या नोंदणीत ईमेल खरा का, हे तपासतच नव्हतो. म्हणजे कुणीही तुमचा ईमेल टाकून, स्वतःचा पासवर्ड ठेवून खातं उघडून बसू शकत होतं. सहा महिन्यांनी तुम्ही गुगलने आलात, की माझा कोड तुम्हाला त्याच खात्यात नेऊन सोडणार. त्या माणसाचा पासवर्ड मात्र चालूच! आता ईमेलवर कोड पाठवून खात्री केल्याशिवाय जोडणी होत नाही आणि जोडताना जुना पासवर्ड रद्द होतो. शिवाय ओळख म्हणून ईमेल न धरता गुगल लॉगिननंतर जे डिजिटल ओळखपत्र (आयडी टोकन) पाठवतं, त्यातला 'सब', म्हणजे त्या गुगल खात्याचा कायमचा ओळख क्रमांक, साठवतो. माणसाचा ईमेल बदलू शकतो, सब तोच राहतो. अशा लॉगिनचे नियम सांगणाऱ्या ओपनआयडी कनेक्टच्या २०१४ सालच्या मानकात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी तयार कोडच्या लायब्ररीसोबतचं उदाहरण उचललं आणि मानक उघडलंच नाही.

आता गुगलच्या हवाली करण्याबद्दल. आम्ही मागतो ते नाव, ईमेल आणि फोटो. फोटो तर वापरतही नाही. तुम्ही आमच्या साइटवर कधी शिरलात हे गुगलला कळतं, कुठलं पुस्तक नेलंत ते कळत नाही. पण तुमच्या टीकेमुळे एक गोष्ट सापडली. बटणासाठी मी गुगलची स्क्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडून येणारा छोटा प्रोग्राम, पानावर घेतली होती, त्यामुळे बटण न दाबणाऱ्याचा ब्राउझरही पान उघडताच गुगलकडे जाऊन येत होता. ती काढली. आता साधी लिंक आहे, दाबाल तरच जाल.

आणि 'पासवर्डच बरा होता' म्हणता, तर एखाद्या शनिवारी संध्याकाळी आमच्या काउंटरवर येऊन उभे राहा. 'पासवर्ड विसरलो'ची रांग पुस्तकांच्या रांगेहून मोठी असायची.

तिथेच कोथरूडच्या एक काकू आल्या. "माझ्या नावावर ह्यांची पुस्तकं कशी?" घरात जीमेल एकच, लेकाने उघडून दिलेला. सभासदत्वं दोन. इथे सबनेही हात टेकले, कारण खातं एक म्हणजे सबही एकच. मी लॉगिननंतर सभासद क्रमांक निवडायची सोय केली आणि कौतुकाने दाखवली. काकूंनी चष्मा वर केला. "म्हणजे मी काय वाचते ते ह्यांना दिसणारच की!"

दिसणार होतं. गुगलचा पहारा आपण दोघं मोजत बसलो होतो, काकूंना दिवाणखान्यातला नको होता. मोबाइल त्यांचा स्वतःचा आहे, म्हणून आता ओटीपीचंही दार ठेवलंय आणि त्यांचं सभासदत्व त्या जीमेलपासून सोडवलंय. ह्यांनी दोनदा चौकशी केली, की हिची यादी दिसायची बंद का झाली. काउंटरवर सध्या 'तांत्रिक अडचण' असं सांगतात.