चार वर्षांचा वॉचमन

चार वर्षांच्या मुलाला "थांब" म्हणून सांगितलं की ते थांबतं असा ज्यांचा समज आहे त्यांच्या घरात बहुतेक मांजर असावं. आमचे चिरंजीव मनात आलं की करून मोकळे. लिफ्टमध्ये शिरले की सगळ्या मजल्यांची बटणं दाबून झालेली असतात आणि मग आपण प्रत्येक मजल्यावर दार उघडेल तसं बाहेर कोणी नसलेल्याकडे बघून कसनुसं हसायचं. वाढदिवसाला गेलो तर मेणबत्त्या हाच फुंकतो, आणि ज्या मुलीचा वाढदिवस असतो ती गाल फुगवून तशीच उभी, तिची आई माझ्याकडे बघतेय, मी फुग्यांकडे.

सल्ले भरपूर मिळतात. खोल श्वास घ्यायला शिकवा म्हणे. शिकवलं. तो आता खोल श्वास घेतो आणि त्या सगळ्या हवेचा वापर करून आधीपेक्षा दुप्पट जोरात किंचाळतो. दहापर्यंत आकडे मोजायला सांगा हा दुसरा सल्ला, पण त्याचे आकडे एक, दोन, पाच, दहा असे येतात त्यामुळे तोही प्रश्न लवकर मिटतो.

मग मी वाचायला घेतलं (रात्री, तो झोपल्यावर, दुसरा वेळ कुठाय). तर मनातल्या ऊर्मीला ब्रेक लावायचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो भाग पूर्ण तयार व्हायला चक्क पंचविशी उजाडते. नवऱ्याला हे वाचून दाखवलं तर तो शांतपणे म्हणाला, "मग पंचविशीत बोलू त्याच्याशी," आणि कूस बदलून झोपला. ह्या माणसाचा तो भाग पूर्ण तयार आहे, जरा जास्तच.

मार्शमॅलोवाला प्रयोग तर तुम्हाला माहीतच असेल, आमच्या फॅमिली ग्रुपवर त्याचे व्हिडिओ येत असतात, खाली "तुमचं मूल पास होईल का??" असं लिहून. वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने साधारण १९७० च्या आसपास स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला. मुलासमोर मार्शमॅलो म्हणजे मऊ, गोड गोळीसारखा खाऊ ठेवायचा, आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन, आणि मोठा माणूस खोलीबाहेर जाणार ते जास्तीत जास्त पंधराएक मिनिटं. थांबलेली मुलं पुढे आयुष्यात हुशार निघाली वगैरे जे फिरतं त्यातली हवा २०१८ च्या एका बऱ्याच मोठ्या अभ्यासाने काढलीय. घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरली की तो संबंध अगदीच किरकोळ उरतो. हे मी ग्रुपवर टाकलं. कोणी काही बोललं नाही.

पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडली. जी मुलं थांबू शकली ती काही मांडी घालून साधूसारखी बसली नव्हती, त्यांनी डोळे झाकले, तोंड फिरवलं, गाणी म्हटली, स्वतःशीच बडबड केली, आणि १९७२ च्या प्रयोगात तर मजेच्या गोष्टींचा विचार करायला सांगितलेली मुलं खाऊचाच विचार करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त थांबली. म्हणजे पोराला थांबायला शिकवायचं तर थांबण्याच्या वेळात काय करायचं ते शिकवायचं. वाटलं, हे सोप्पंय!

सोपं आहेच, फक्त प्रचंड आवाजी आहे. आता माझा फोन चालू असला की तो मध्ये बोलत नाही, गाणं म्हणतो. तेच गाणं, माझ्या कानाशी, पूर्ण ताकदीने. ऑफिसातल्या लोकांना वाटतं मी मिरवणुकीतून बोलतेय.

त्यात मला सोव्हिएत संशोधक मानुइलेन्को सापडल्या, १९४८ सालच्या. नुसतं स्तब्ध उभं राहा म्हटलं की मुलं लगेच चुळबुळतात, पण तू पहारेकरी आहेस असं सांगितलं की तीच मुलं, त्यातही जरा मोठी, बराच जास्त वेळ उभी राहतात. करून बघितलं. पाहुणे आले होते, म्हटलं बाळा तू आपल्या घराचा वॉचमन. उभा राहिला की हो! हात पाठीमागे, पोट पुढे, हलला नाही. फक्त पाहुण्यांना निघायचं होतं तेव्हा त्याने कुणालाच बाहेर सोडलं नाही. आधी नाव सांगा, मग सही करा. काकांनी सही केली, त्याने ती बघितली आणि म्हणाला, "ही चालणार नाही."

त्याचे बाबा "दोन मिनिटं थांब रे" म्हणून लॅपटॉप उघडायचे आणि अर्ध्या तासाने बंद करायचे, ते मात्र आता बंद झालंय. २०१३ च्या एका अमेरिकन प्रयोगात मुलांना आधी चित्रं रंगवायला छान रंग आणून देतो म्हणून सांगितलं होतं. ज्यांना खरंच आणून दिले ती मुलं नंतर मार्शमॅलोसमोर सरासरी बारा मिनिटं थांबली, आणि ज्यांना "सॉरी, संपले" म्हणून सांगितलं ती तीनच. बरोबरच आहे, ज्याने एकदा टोपी घातली त्याच्यासाठी कोण थांबेल? तेव्हा घरात वाळूचं घड्याळ आलं. बाबा दोन मिनिटं म्हणाले की चिरंजीव ते घड्याळ थेट कीबोर्डवर उलटं करून ठेवतात आणि शेजारी उभं राहून वाळूवर नजर. मीटिंगमध्ये असले तरी.

परवा सकाळी माझी वेळ आली. मला उशीर झालेला, पर्स खांद्याला, कुलूप हातात, आणि ह्याला बूट स्वतःच घालायचे होते. एक पट्टा लागेना. मी खाली वाकले तर हात झटकला, "मी करतो." परत लागेना. माझ्या तोंडून काहीतरी निघणार एवढ्यात वर बघून मला म्हणाला, "आई, थांबता येत नाहीये का? गाणं म्हण ना." आता आपणच शिकवलेलं, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हटलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, तोवर बूट चढले पण उजवा डाव्या पायात. काढले. त्याचा नियम असा की बूट पहिल्यापासून तर गाणंही पहिल्यापासून. तेवढ्यात समोरच्या काकूंनी दार उघडलं, थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "क्लास लावलास का गं गाण्याचा? अजून थोडं वरच्या पट्टीत घे."