आदिवासी चित्र घरी लावताय? मग एवढं कराच

बारशिंग्याच्या शिंगांतून झाड फुटलंय, झाडावर मोर बसलाय, मोराच्या पिसाऱ्यात मासे पोहतायत, असं एखादं गोंड चित्र तुम्ही कुणाकडे तरी पाहिलं असेल आणि आपल्याही हॉलमध्ये असावं असं वाटलं असेल, तर अभिनंदन. तुमची अभिरुची उच्च आहे. आता ती खिशाला न लागता कशी जपायची, ते मी सांगते. गेल्या महिन्याभरात या विषयात मी तज्ज्ञ झाले आहे.

सर्वप्रथम चित्राला वारली म्हणा. पांढऱ्या रेघांची माणसं, तारप्याभोवतीचा फेर, डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांतलं काहीही समोर नसलं तरी म्हणा. आदिवासी म्हटलं की वारली, विषय संपला. यजमानांनी ‘नाही हो, गोंड आहे’ अशी दुरुस्ती केलीच, तर ‘गोंद? म्हणजे डिंक ना?’ असं विचारा. हे नागपुरात बसून विचारलंत तर फारच शोभतं. शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहनं, आणि आपल्याला आठवतात हिवाळ्यातले लाडू.

बारशिंग्याला रेनडिअर म्हणायला विसरू नका. १९७० साली कान्हाच्या जंगलात हा प्राणी ६६ वर आला होता. ते ६६ही गेले असते तरी तुमचं काय अडलं असतं? नाताळच्या कार्डावर बर्फातला आहेच.

मग किंमत विचारा. ऐकलीत की सोफ्यावरून थोडं पुढे सरका आणि म्हणा, ‘पण प्रिंटच ना ही?’ या ‘च’मध्ये फार ताकद आहे. माझ्या हॉलमधली बारशिंग्याची प्रिंट मी भोपाळला चित्रकाराच्या घरून घेतली तेव्हा त्यानं सांगितलं होतं, सात रंग म्हणजे छपाईच्या सात जाळ्या. एक रंग ओढायचा, कागद वाळवायचा, मग दुसरी जाळी नेमकी त्याच जागी बसवायची. केसाएवढी सरकली तरी बारशिंग्याचा डोळा गालावर येतो आणि तो कागद बाद. अशा पन्नास प्रती काढल्या, जाळ्या धुऊन टाकल्या. आता एक्कावन्नावी निघणार नाही. डावीकडे खाली पेन्सिलीनं १७/५० लिहिलंय, उजवीकडे सही. ट्यूब लावून तिरकं पाहिलं तर रंगावर चढलेला रंग दिसतो. पण तुम्ही तिरकं पाहू नका. झेरॉक्सवाल्याचा दर सांगा.

फ्रेम रेडीमेड घ्या. चित्र मोठं पडलं तर चित्र कापता येतं. आमच्या फ्रेमवाल्यानं पट्टी ठेवून कटर उचललाच होता. ‘ताई, खाली कुणीतरी पेन्सिलनं गिरवलंय, तेवढं उडवून टाकतो.’

वास्तुशास्त्र सांभाळा. प्राण्याचं तोंड दाराबाहेर नको, लक्ष्मी त्याच्याबरोबर चरायला जाते.

आता मुख्य सल्ला. चित्र विकत घेऊच नका. ज्यानं घेतलंय त्याच्याकडे चहाला जा.

आमचे एक भाऊजी आले होते, नवऱ्याचे मावसभाऊ. पोह्यांची बशी हातात घेऊनच चित्रासमोर उभे. ‘बाप्पा! वहिनी, काय रंग आहेत हो! केवढ्याला?’ नऊ हजार म्हटल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली आणि फोन वर काढला. ‘एक फोटो घेऊ का? सहज.’ मी म्हटलं, घ्या. माझीच अक्कल.

पंधरा दिवसांनी काटोल रोडवरच्या त्यांच्या फार्महाऊसची वास्तुशांत. आत गेले तर अख्ख्या भिंतीभर, जमिनीपासून छतापर्यंत, माझा बारशिंगा! फ्लेक्सवाल्यानं फोटो ताणून वॉलपेपर केलेला. माझ्या ट्यूबलाइटचा चट्टा त्याच्या पाठीवर तसाच, आता टॉवेलाएवढा. मूळ चित्रात त्याच्या अंगात भाताच्या दाण्यांसारख्या बारीक रेघा भरल्यात. तो भरणा त्या चित्रकाराचा स्वतःचा आहे. या चित्रकारांत ज्याचा त्याचा भरणा वेगळा असतो, त्यावरूनच हात ओळखू येतो. इथं सगळं फुगून नुसता लापशीचा लगदा. झाडाच्या बुंध्यावर टीव्ही ठोकलेला. आणि बारशिंगा उलटा! माझ्याकडे डावीकडे बघतो, तिथं उजवीकडे. ‘गुरुजी म्हणाले तोंड आत हवं, मग मुलाला सांगून फिरवून घेतला. एक मिनिटाचं काम.’ सही कुठाय हो? ‘ती उलटी दिसत होती ना, वाचता येईना. मग पुसली.’

उलटी दिसत होती म्हणून पुसली.

वर त्यांची बायको कौतुकानं सांगत होती, ‘ट्रायबल थीम आहे आमची. वेटरनासुद्धा मुंडासं बांधायला लावलंय.’ पुरणपोळी मला गिळेना.

पुढचे सल्ले पटकन सांगते. एकाला ‘पद्म’ मिळालं की स्टेटस ठेवा. गोंड चित्रकारांत २०१८ला भज्जू श्यामना मिळालं, २०२२ला दुर्गाबाई व्यामना मिळालं. आपल्या मातीची कला, तिरंगा, हात जोडलेले. दुसऱ्या दिवशी मेळ्यात जाऊन त्याच मातीतल्या माणसाला म्हणा, दोनशे कमी कर.

आणि ‘ही तर लोककला आहे, कुणा एकाची थोडीच असते’ हे वाक्य पाठ करून ठेवा. भाऊजींनी मला तेच ऐकवलं.

कुणाची नसते? जनगडसिंह श्याम नावाचा पोरगा दिंडोरीकडच्या पाटणगढच्या भिंतींवर चितारत होता. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी कलाकार हुडकायला निघालेल्या माणसांना तो सापडला आणि चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्याला भोपाळला आणलं. तिथं त्याच्या हाताला कागद लागला, शाई लागली, छापायची यंत्रं लागली. जी देवं त्याचे परधान पूर्वज, म्हणजे गोंडांचे गायक, बाना हे तंतुवाद्य वाजवून गाण्यात सांगत होते, त्यांना त्यानं ठिपक्यांत आणि रेघांत उभं केलं. १९८९ला त्याची चित्रं पॅरिसला लागली. २००१ला जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना तिथंच तो गेला, जेमतेम चाळिशीचा. आज तुम्ही ज्याला ‘परंपरागत’ म्हणता, त्या कागदावरच्या शैलीला जाणकार त्याच्या नावानं जनगड कलम म्हणतात. तिला नाव आहे. बाप आहे. हजारो वर्षांपूर्वी जंगलात आपोआप उगवलेली नाही ती.

भाऊजी, वाचत असाल तर सरळच बोलते. कागद मी विकत घेतला, चित्र नाही. छापायचा हक्क माझ्याकडे नव्हता, तर मी तुम्हाला काय देणार? आणि तुम्ही तर विचारलंही नाही. चित्रकार असेपर्यंत आणि तो गेल्यावरही साठ वर्षं तो हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, असा कायदा आहे या देशात. नाव पुसणं तर त्याहून वाईट. वॉलपेपरला चाळीस हजार मोजलेत तुम्ही, स्वतःच सांगत होतात सगळ्यांना. फ्लेक्सवाल्याला मोजलेत, चिकटवणाऱ्याला मोजलेत, गुरुजींना दक्षिणा दिलीत. ज्यानं काढलं त्याला एक रुपया नाही, आणि वर त्याचं नाव खरडून काढलंत. का, तर वाचता येत नव्हतं! लाज वाटत नाही?

फोन नंबर मी तुम्हाला तेव्हाच दिला होता त्या माणसाचा. अजूनही तोच आहे. भिंतीसाठी वेगळं चित्र काढून देतो तो, ज्या बाजूला म्हणाल त्या बाजूला तोंड करून.

माझं चित्र आता आतल्या खोलीत आहे. पोहे बाहेरच मिळतील.